अर्ध्या पुस्तकातलं नाव

मुलीचं नाव प्रतीची ठेवलं तेव्हा बापाने पुस्तक अर्धंच वाचलं होतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढच्या सगळ्या रडारडीचं मूळ तिथे आहे.

बाप बाइंडर होता. छापखान्यातून आलेले मोठाले ताव घडी घालून त्यांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, फर्मे क्रमाने लावून शिवायचे, पाठीला खळ फासायची, पुठ्ठा चढवायचा आणि कडा कापायच्या, हा त्याचा धंदा. बाकीचे कामगार तावाकडे बघत ते छपाई वाकडी आली आहे का, एवढ्यापुरतं. हा पठ्ठ्या मात्र हात चालवता चालवता वाचायचा. घडी पडण्याआधी तावावर पानं कशीही असतात, पहिल्याच्या शेजारी सोळावं, त्यांच्या डोक्यावर आठवं उलटं टांगलेलं. त्यामुळे नायक कधी कधी आधी मरायचा आणि मग प्रेमात पडायचा. पण मान वाकडी करून करून याला त्याचीही सवय झाली होती. कारखान्यात त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. चेष्टेने म्हणत, पण चेष्टा करणाऱ्यालाच तो पुस्तकाचं सार सांगायला बसायचा, म्हणून हळूहळू चेष्टा करणारे कमी झाले आणि नाव तेवढं चिकटून राहिलं.

बायकोचे दिवस भरत आले होते तेव्हा एक जाड कादंबरी कामाला आली. तिच्या नायिकेचं नाव प्रतीची. पहिल्याच फर्म्यात ती सावत्र आईला नावाचा अर्थ सांगते. प्राची म्हणजे उगवतीची दिशा, ती सगळ्यांना हवी असते. प्रतीची म्हणजे मावळतीची, पश्चिम. तिला कुणी काही मागायला येत नाही, दिवसभर राबून थकलेली माणसं नुसतीच तिच्याकडे तोंड करून बसतात, आणि तेवढं मला पुरे आहे, असं ती म्हणते. हे वाचून बाइंडरच्या हातातला ताव तसाच राहिला. असं नाव त्याने आजवर ऐकलं नव्हतं आणि असं बोलणारी बाईही पाहिली नव्हती. पुढे ती कुणालाच जुमानत नाही. मामाला तोंडावर खोटारडा म्हणते, ठरलेलं लग्न मोडते आणि दहाव्या फर्म्याच्या शेवटी घर सोडून गाडीत चढता चढता मागे वळते. शेवटची ओळ होती, ‘प्रतीची वळली आणि म्हणाली,’ आणि तिथे ताव संपला.

अकरावा फर्मा आलाच नाही. कारखान्याचा मालक आणि प्रकाशक यांच्यात कशावरून तरी जुंपली आणि प्रकाशकाने झालेलं काम उचलून दुसऱ्या बाइंडरकडे नेलं. त्या बाईने वळून काय म्हटलं असेल याचा हा विचार करत असतानाच घरून मुलगी झाल्याचा निरोप आला.

“हे कसलं नाव?” बायको म्हणाली. “अर्थ काय त्याचा?”

“पश्चिम.”

“पोरीचं नाव पश्चिम? आणि उद्या मुलगा झाला तर दक्षिण ठेवणार का?”

“थोर कादंबरीतलं नाव आहे,” असं म्हणून त्याने तिला गप्प केलं. थोर हा शब्द ऐकला की ती गप्प बसायची, निदान तेव्हा तरी.

पुस्तक त्याने पुढे कधी विकत घेतलं नाही. ज्याच्या हातांखालून रोज ढिगाने पुस्तकं जातात त्याला दुकानात जाऊन एक प्रत मागायची लाज वाटते. आज घेऊ, उद्या घेऊ करता करता ते बाजारातून नाहीसं झालं. तोवर त्याची गरजही उरली नव्हती, कारण उरलेलं अर्धं त्याने स्वतःच रचलं होतं. पोरीला जेवू घालताना, तिची वेणी घालताना, तापात उशाशी बसून तो तिला त्या प्रतीचीच्या गोष्टी सांगायचा. प्रतीचीने पूर आलेला असताना होडी कशी हाकली, प्रतीचीने न्यायाधीशाला कसं निरुत्तर केलं, प्रतीचीने डोंगरावर शाळा कशी काढली. “हे सगळं पुस्तकात आहे?” पोर विचारायची. “मग? मी काय मनचं सांगतोय?” तो म्हणायचा. शाळेत मुली तिला ‘पश्चिमाबाई’ म्हणून चिडवत, तेव्हा ती मान ताठ करून सांगायची की माझ्यावर पुस्तक आहे, तुमच्यावर आहे का?

अशी ती मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं. जावई सरळ मनाचा निघाला. मग पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि दीड-दोन वर्षांनी दुसरंही तसंच गेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि काही कारण सापडत नाही म्हणून सांगितलं. पण माणसांना कारणाशिवाय चैन पडत नाही. सासू म्हणाली, नोकरी नडली. शेजारीण म्हणाली, जिने नडले. खुद्द तिची आई म्हणाली, “तुला शंभरदा सांगितलं होतं पाण्याची बादली उचलू नकोस म्हणून.” बाइंडर काही म्हणाला नाही, पण बादली त्याच्याही मनात राहिली होती. पोर सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची.

तिसऱ्या वेळी आठवा महिना गाठला. सगळे श्वास रोखून होते. मग एक दिवस अंगावरून जायला लागलं आणि तिला इस्पितळात हलवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाची वार खाली, पिशवीच्या तोंडाशीच आहे. कळा सुरू झाल्या तर रक्त थांबवता येणार नाही, दोघांच्याही जिवाला धोका आहे. चार दिवस पडून राहू दे, बाळाला थोडं बळ येऊ दे, मग सिझर करू.

आणि त्या चार दिवसांत जावयाने घोळ घातला. बिचाऱ्याने प्रेमापोटीच घातला. पडून पडून बायको कंटाळेल म्हणून त्याने जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली आणि ती कादंबरी शोधून काढली. तिच्यावरचं पुस्तक! तिने ते छातीशी धरलं म्हणे. दोन दिवसांत तिने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि त्यानंतर ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिझर ठरलेलं, आणि आदल्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. “बाबा, लगेच या. ती सही करायला नाही म्हणते. टेबलावर जाणारच नाही म्हणते.”

बाइंडर खळीचे हात न धुताच निघाला.

खोलीच्या खिडकीवर चादर बांधली होती, तरी तिच्या विणीतून ऊन पलंगावर येत होतं. पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई पायाशी बसून पदराने डोळे पुसत होती.

“खिडकी पश्चिमेला आहे,” पोर म्हणाली. “तिचीही होती.”

“कुणाची?”

“तुमच्या थोर कादंबरीतल्या बाईची. बाळंतपणात गेली ती, बाबा. मूल अडलं, टेबलावर नेली, परत आलीच नाही. मूलही गेलं. खिडकीतून मावळतीचं ऊन येत होतं असं लिहिलंय. चांगलं पानभर लिहिलंय.”

बाइंडरने पलंगाची दांडी धरली. “मला माहीत नव्हतं गं.”

“कसं माहीत नव्हतं? तुम्हाला तर सगळं तोंडपाठ!”

“मी दहा फर्मेच वाचले होते. पुढचे आलेच नाहीत. शपथ.”

ती हळूहळू त्याच्याकडे वळली. पोटावर दोन्ही हात होते. “म्हणजे पुरातल्या होडीची गोष्ट? न्यायाधीशाची? डोंगरावरची शाळा?”

तो बोटांवरची वाळलेली खळ खरवडायला लागला.

“म्हणजे अर्धं वाचून माझं नाव ठेवलंत, आणि अर्धं मनचं सांगितलंत.” ती रागाने ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतंच बोलत होती. “आधीचे दोघे का गेले ते आज कळलं मला. मी उगाच बादलीला दोष देत होते. नावातच होतं ते.”

“असं काही नसतं गं बाई,” आई म्हणाली.

“तूच म्हणायचीस ना, काहीतरी कारण असणारच म्हणून? हे घे कारण. मी टेबलावर जाणार नाही. इथे पडून आहे तोवर बाळ पोटात हलतंय. तेवढं तरी राहू दे माझ्याकडे.”

डॉक्टरीणबाई आल्या, समजावून सांगितलं, मग रागावल्या, मग दारात उभ्या राहून हलक्या आवाजात बाइंडरला म्हणाल्या, “तिच्या सहीशिवाय मी हात लावू शकत नाही. आणि कळा माझी वाट बघणार नाहीत. काय करायचं ते आजच्या आज करा.”

काय करणार? ज्याला जे येतं तेच तो करतो. बाइंडरच्या डोक्यात आलं की पुस्तकाचा शेवट बदलायचा. शेवटची चार पानं उसवून काढायची, नवी छापून त्याच जागी शिवायची, आणि म्हणायचं की जावयाने आणली ती प्रतच चुकीची होती. छापखान्यातला माणूस ओळखीचा होता, आजच्या आज चार पानं छापून देईल. फक्त लिहिणारा हवा, आणि तोही मूळ कादंबरीकारच हवा, कारण बापाने रचलेल्या गोष्टींवर पोरीचा विश्वास आता उडाला होता. जावयाने इकडेतिकडे फोन करून पत्ता मिळवला. कादंबरीकार जिवंत होता आणि याच शहरात होता.

एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर तो म्हातारा राहत होता. दार उघडं होतं. आरामखुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून तो पायाची नखं कापत होता.

“साहेब, तुमची कादंबरी...” बाइंडरने नाव सांगितलं.

म्हाताऱ्याने नखं कापायचं थांबवलं. चेहरा असा उजळला की बघवेना. “बसा, बसा! वाचलीत? किती वर्षांनी कुणी तिचं नाव काढलं! कुठला भाग आवडला?”

“सातवा फर्मा.”

“अं?”

बाइंडरने सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज फाटला, आणि शेवटी त्याने म्हाताऱ्याचे पायच धरले, अर्धवट कापलेल्या नखांसकट. “चार पानं लिहून द्या, साहेब. ती जगली असं लिहा. मी अशी शिवीन की प्रकाशकालाही कळणार नाही.”

म्हाताऱ्याने पाय सोडवून घेतले. “खरंच कुणी पोरीचं हे नाव ठेवलं?” तो म्हणाला. “अहो, मी मुद्दाम असं नाव शोधलं होतं की कुणाच्याच घरात नसेल. म्हणजे उद्या कुणी माझ्याशी भांडायला यायला नको.”

“मी भांडायला नाही आलो.”

“माहीत आहे. भांडलात तर बरं होईल.” त्याने कागद मागितला, गुडघ्यावर पाट घेतला, पेन उघडलं आणि लिहायला वाकला. ‘प्रतीचीने डोळे उघडले’ एवढं लिहिलं. मग पेन तसंच राहिलं. खालच्या दुकानात कुठलं तरी घड्याळ वाजलं, मग दुसरं वाजलं.

“नाही जमत,” तो म्हणाला. “डोळे उघडून ती काय बघेल, कुणाला हाक मारेल, मला काही सुचत नाही. तेव्हा सगळं माहीत होतं. तेव्हा ती मरणार नव्हतीच.”

“मरणार नव्हती?”

म्हाताऱ्याने पेन मिटलं. “तुम्ही बाइंडर, तुम्हाला कळेल. प्रकाशक म्हणाला, कागद महागलाय, वीस फर्म्यांच्या वर एक पान मिळणार नाही. माझ्या डोक्यात अजून सहा-सात फर्म्यांचा मजकूर. ती नोकरी करणार होती, दोन मुलं वाढवणार होती, म्हातारी होणार होती, चांगली जाडजूड, सगळ्या शेजाऱ्यांशी भांडणारी. अठरावा फर्मा संपला तरी तिचं लग्नच चाललेलं. दोन फर्म्यांत मी काय आवरणार? मारली. लोक रडले, सभांमधून बोलले, तिच्या मरणात नियतीचा हात आहे म्हणाले. मीही मान डोलावली. बायकोलासुद्धा खरं सांगितलं नाही.”

“मग हेच तिला येऊन सांगा. आत्ता चला. रिक्षा करतो.”

“मी?” म्हातारा खुर्चीत मागे सरकला. “मरणाच्या दारात असलेल्या पोरीला सांगू की कागद संपला म्हणून बाई मारली? तोंडावर थुंकेल माझ्या. नाही हो. मला नका नेऊ. हात जोडतो.”

आणि त्याने खरोखरच हात जोडले. बाइंडरला त्याचा गळा धरावासा वाटला. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याचा गळा धरून करायचं काय? तो जिना उतरला.

परतताना त्याच्याकडे काहीच नव्हतं. ना शेवट, ना लेखक. रस्त्यात त्याने नाना गोष्टी जुळवून पाहिल्या. सांगू का की लेखक म्हणाला, ही प्रत खोटी? सांगू का की नावाचा दुसराही अर्थ असतो? जन्मभर थापा मारल्या, आणखी एक मारता येणार नाही? पण पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला की प्रत्येक थाप तिथल्या तिथे फुटायची. तिला आता थाप ओळखता येत होती, त्यानेच शिकवलं होतं. इस्पितळाच्या फाटकावरून तो एकदा पुढे निघून गेला, मग परत फिरला. असा हतबल तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

खोलीत ऊन आता भिंतीवर चढलं होतं. आई आणि जावई बाहेर बाकावर बसले. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. नखं, पाट, अर्धवट ओळ, वीस फर्मे, सगळं. जाडजूड होऊन शेजाऱ्यांशी भांडणार होती, हे ऐकताना पोरीच्या ओठांच्या कडेला क्षणभर हसू आलं आणि गेलं.

“म्हणजे तिच्या मरणाला काही कारणच नव्हतं,” ती म्हणाली.

“नाही. जागा नव्हती एवढंच.”

तिचं सगळं अंग हुंदक्यांनी हलायला लागलं. तो घाबरला, पोटाला धक्का बसेल म्हणून तिचे खांदे धरायला गेला.

“बाबा,” ती म्हणाली, “माझ्या दोघांचं? त्यांच्या मरणाला?”

त्याला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, धीर देणारं, पुस्तकातलं. काही आलं नाही. बादली आठवली, आणि आपणही इतकी वर्षं मनात ती बादली धरून बसलो होतो याची त्याला भयंकर शरम वाटली.

“नव्हतं गं,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. मीही नाही. बादलीने काही झालं नाही आणि नावानेही नाही. तू काही केलं नाहीस.”

“हे इतक्या वर्षांत एकजणही म्हणालं नाही मला,” असं म्हणून ती त्याच्या खळ वाळलेल्या हातात तोंड खुपसून रडली, मोठमोठ्याने, लहान असताना रडायची तशी. तोही रडला. रडणं ओसरल्यावर तिने जावयाला हाक मारली आणि सही करायला पेन मागितलं.

सकाळी तिला ढकलगाडीवर घेतलं. बाइंडर बाजूने चालत होता, तिचा हात त्याच्या हातात. टेबलाच्या खोलीचं दार आलं तेव्हा तिने गाडी थांबवायला सांगितली.

“बाबा, खरं सांगा. मी आत गेले आणि मेले, तर त्यालाही काही कारण नसेल ना?”

तू मरणार नाहीस, हे म्हणण्यासाठी त्याने आपला जीव दिला असता. पण ते त्याला माहीत नव्हतं, आणि त्याला ते माहीत नाही हे तिला माहीत होतं.

“नसेल,” तो म्हणाला.

“मग चला,” ती गाडीवाल्याला म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.

दार बंद झालं. तो भिंतीला टेकत टेकत खाली बसला. बायको त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“काय विचारलं तिने?”

त्याने सांगितलं.

“आणि तुम्ही नसेल म्हणालात?”

“हो.”

एरवी तिने आकाशपाताळ एक केलं असतं. आज तिने भिंतीचा आधार घेतला. “मला धरा,” ती म्हणाली. “माझ्याच्याने उभं राहवत नाहीये.” त्याने तिला खाली बसवलं. जावई समोरच्या भिंतीशी उभा होता, त्याला दोघांकडे बघवत नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दारामागून आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. बाळ रडत होतं. जावई दाराकडे धावला, हसू का रडू असं झालेलं त्याला.

बाइंडर आणि त्याची बायको जागची हलली नाहीत. एकमेकांचे हात घट्ट धरून ती तशीच बसून राहिली. त्यांना त्यांच्या पोरीचा आवाज ऐकायचा होता.